ड्रमचं सॉफ्टवेअर बदलताय? आधी व्हेलॉसिटी आणि हाय-हॅटचं बघा

घरच्या रेकॉर्डिंगमधले ड्रम खोटे वाटायला लागले की सल्ला ठरलेला असतो: मोठी लायब्ररी, म्हणजे खऱ्या ड्रमच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्यांचा संच, घे. हा सल्ला बहुतेक वेळा चुकतो. एकाच व्हेलॉसिटीचे, म्हणजे एकाच जोराचे, सोळा हाय-हॅट (पायानं उघड-बंद होणाऱ्या जोडझांजा) ओळीनं लिहिले असतील, तर ते २३० जीबीच्या लायब्ररीतूनही शिवणयंत्रासारखेच वाजतील. सॉफ्टवेअर बदलायला हरकत नाही. पण बदलल्यावर जुनी गाणी का बिघडतात हे फारसं कुणी सांगत नाही, आणि तिथंच माणसं अडकतात. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा त्याला दिली आहे.

फुकटातलं आधी

एमटी पॉवर ड्रम किट २ घ्या. आवाज रॉक-पॉपचा, मिक्स करूनच येतो, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. स्टीव्हन स्लेट ड्रम्स ५.५ ची फ्री आवृत्ती घ्या. त्यात किट एकच, पण प्रत्येक ड्रम वेगळ्या चॅनलवर काढता येतो. मॅकवर लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असेल तर ड्रम किट डिझायनर त्यात आलेलाच आहे. यातल्या एकावर अख्खं गाणं पुरं करा आणि कुठं अडलं ते कागदावर लिहा. ‘ब्रश मिळत नाहीत’, ‘हाय-हॅट अर्धा उघडा वाजत नाही’, ‘रूमचे माइक वेगळे हवेत’ अशी नेमकी तक्रार लिहिता आली तरच पैसे काढा. ‘आवाज भारी नाही’ ही तक्रार नव्हे. तिचं कारण बहुतेक वेळा तुमच्या मिडीत, म्हणजे कोणता फटका कधी आणि किती जोरात वाजवायचा हे सांगणाऱ्या नोंदीत, असतं.

कुणी काय घ्यावं

गाणी रचणाऱ्यानं ईझीड्रमर ३ घ्यावं. २०२२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत रेकॉर्ड झालंय आणि साधारण १८ जीबी जागा घेतं. त्यात गिटारचं किंवा की-बोर्डचं रेकॉर्डिंग ओढून टाकलं की शोभतील असे ठेके ते स्वतः सुचवतं. मशीन ८ जीबी रॅमचं असेल तर अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स २ बरं. ते हलकं आहे आणि किटचे पॅक एकेक करून घेता येतात. सुपिरिअर ड्रमर ३ हे २०१७ चं. बेल्जियमच्या गॅलक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसनबर्ग यांनी ते रेकॉर्ड केलं, आणि पूर्ण उतरवलं तर २३० जीबी भरतं. मिक्सिंग स्वतः करत असाल आणि ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक), रूम (खोलीचे माइक), ब्लीड (एका ड्रमच्या माइकात शिरणारा दुसऱ्याचा आवाज) यांच्याशी खेळायचं असेल तरच ते घ्या. एका खोलीत हेडफोनवर मिक्स करणाऱ्याला त्यातल्या सराउंड माइकांचा काडीचा उपयोग नाही.

आपल्याकडच्या गाण्यांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो. पोवाडा, गोंधळ, शाहिरी करणाऱ्यानं या सॉफ्टवेअरकडून हलगीची अपेक्षा धरू नये. टॉम ड्रमचा सूर चढवून हलगी होत नाही. खासबागेत कुस्तीला घुमणारी हलगी म्हणजे ताणलेल्या चामड्यावर दोन काड्यांचं काम, आणि त्यातला पातळ काडीचा बारीक भरणा हाच तिचा जीव. कोल्हापुरात हलगी वाजवणारा माणूस मिळतो. त्याला बोलवा, चामडं शेकून घेऊ द्या, दोन-तीन फुटांवर एक माइक लावा आणि ड्रम तिच्याखाली बसवा. ढोलकी-तबल्यासाठी माणूस मिळत नसेल तर स्वारप्लग हे भारतीय वाद्यांचं सॉफ्टवेअर आहे, पण तीही दुसरी पसंती.

पैसे आणि जागा

सवलती नोव्हेंबरात मोठ्या असतात. अपग्रेडचा कमी दर जुना सीरियल नोंदवलेल्या खात्यातच दिसतो, म्हणून नोंदणी आधी करा. पैसे बहुधा डॉलर किंवा युरोत जातात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करावे लागतात, आणि परकीय चलनाचं शुल्क वेगळं पडतं.

लायब्ररी सी ड्राइव्हवर टाकू नका. बाहेरचा एसएसडी घ्या, आणि विंडोजमध्ये त्याचं अक्षर कायमचं ठरवून द्या. आज ई, उद्या एफ झालं की सॉफ्टवेअरला नमुने सापडत नाहीत. डाउनलोड रात्री लावणार असाल तर राउटरही यूपीएसवर घ्या. पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

अपग्रेडच्या आधी

चालू असलेलं प्रत्येक गाणं जुन्या सॉफ्टवेअरमधूनच बाहेर काढा: किक, स्नेअरचा वरचा माइक, खालचा माइक, हाय-हॅट, टॉम, ओव्हरहेड, रूम, सगळं वेगवेगळ्या २४ बिट वेव्ह फायलीत आणि गाण्याच्या शून्य सेकंदापासून. मिडीची प्रत वेगळी ठेवा. जुनं प्लगइन (म्हणजे ड्रमचं जुनं सॉफ्टवेअर) काढून टाकू नका. मशीन बदलणार असाल तर जुन्या मशीनवरचा परवाना आधी मोकळा करा, फॉरमॅट नंतर.

खरी अडचण: तीच मिडी, वेगळा ड्रमर

नवं सॉफ्टवेअर टाकलं, जुन्या ट्रॅकवर बसवलं, प्ले दाबलं आणि स्नेअर सगळीकडे रिमशॉटसारखा (काठी कडेच्या रिमलाही लागल्यासारखा) कडकडतो, हाय-हॅट सतत उघडा राहतो, घोस्ट नोट (मधले अगदी हलके फटके) गायब. लायब्ररीत दोष नसतो. व्हेलॉसिटी म्हणजे १ ते १२७ मधला एक आकडा. त्या आकड्याला कोणता आवाज काढायचा हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या परीनं ठरवलेलं असतं. एका लायब्ररीत ११० ला साधा खणखणीत फटका असेल, तर दुसरीत त्याच ११० ला काठी रिमला लागलेली असते.

त्यासाठी पायऱ्यांची चाचणी करा. स्नेअरचे १६ फटके लिहा: ८, १६, २४ असं आठ-आठनं चढत १२० पर्यंत, आणि शेवटचा १२७. आधी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऐका, मग नव्यात. आवाज नुसता मोठा होत नाही, एका ठिकाणी जातच बदलते. ती जागा दोन्हीकडे टिपून घ्या. जुन्यात बदल ११२ ला आणि नव्यात ९६ ला होत असेल, तर नव्याच्या सेटिंगमधली व्हेलॉसिटी कर्व्ह (आलेला आकडा कोणत्या आकड्यावर न्यायचा ते ठरवणारी रेघ) वरच्या अंगाला खाली वाकवा. जुना ११२ नव्याच्या ९६ वर यायला हवा. हे किक आणि हाय-हॅटसाठीही वेगळं करा. एकच कर्व्ह सगळ्या किटला लावली की स्नेअर सुधारतो आणि हाय-हॅट मरतो. इथं घाई करू नका. अर्धा तास जातो, पण पुढची सगळी गाणी वाचतात.

मिडीतले आकडेच सपाट असतील तर कर्व्ह काही करू शकत नाही. साध्या चार मात्रांच्या ठेक्यात दुसऱ्या-चौथ्या मात्रेचा स्नेअर १०४ ते ११४ ठेवा, घोस्ट नोट २५ ते ४०. हाय-हॅट मात्रेवर ८५ ते ९५, मधल्या फटक्याला ६० ते ७२. जोडकिक असेल तर पहिली हलकी, दुसरी भारी. सगळं १२७ वर लिहिणं ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण लायब्ररीतले बाकीचे सगळे थर तुम्ही पैसे देऊन बंद ठेवता. ‘ह्यूमनाइझ’ बटणानंही हे सुटत नाही. ते आकडे कसेही हलवतं. ड्रमरच्या हातात मात्र शिस्त असते: डावा हात थोडा कमजोर, फिलच्या शेवटी जोर चढता. आणि हात दोनच असतात. स्नेअर, क्रॅश आणि हाय-हॅट एकाच क्षणी लिहिलेत तर कान लगेच ओळखतो. त्या क्षणाचा हाय-हॅट काढून टाका.

आता हाय-हॅट. कोणत्या नोटेच्या आकड्याला कोणता ड्रम, हे ठरवणाऱ्या जनरल मिडीच्या नकाशात किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, पायाचा ४४, उघडा ४६, क्रॅश ४९, राइड ५१. इथवर बहुतेक सॉफ्टवेअर एकमत असतात. पुढं फाटे फुटतात. रोलंडचं ई-ड्रम (इलेक्ट्रॉनिक ड्रम) किट हाय-हॅटच्या कडेसाठी २२ आणि २६ पाठवतं, आणि पाय किती दाबलाय ते सीसी ४ या कंट्रोलरवर सांगतं. नव्या सॉफ्टवेअरला २२ म्हणजे काय हे माहीत नसेल तर तिथं शांतता, नाहीतर भलताच आवाज. म्हणून प्लगइनच्या मिडी मॅपिंगमध्ये आपल्या किटचं प्रीसेट आधी निवडा. हाय-हॅट उलटा वागत असेल, म्हणजे पाय दाबल्यावर उघडत असेल, तर सीसी ४ उलटवायचं बटण शोधा.

माउसनं लिहिलेल्या मिडीत सीसी ४ नसतोच. मग उघडा-बंद सगळं नोटांवरच चालतं. इथं एक तपासा: उघड्या फटक्यानंतर बंद फटका लिहिल्यावर उघड्याची शेपूट कापली जाते का? जात नसेल तर दोन्ही आवाज एका चोक गटात (एक वाजला की दुसरा थांबतो अशा गटात) नाहीत. त्यांना एकाच गटात टाका. ठेका पसरट वाटण्याचं हे नेहमीचं कारण असतं, आणि लोक मात्र इक्वलायझरमध्ये वेळ घालवतात.

ई-ड्रमवर वाजवताना बफर (आवाज बाहेर पडण्याआधी कॉम्प्युटर जमवतो तो साठा) १२८ सॅम्पल ठेवा. ४४,१०० हर्ट्झला ते सुमारे ३ मिलिसेकंद होतात, १०२४ ला २३. तेवढ्या उशिरावर वाजवणाऱ्याचा हात आपोआप घाई करू लागतो. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस बनवणाऱ्याचाच आसिओ (ASIO) ड्रायव्हर वापरा. मिक्सिंगला बफर वाढवा.

गणपतीच्या दिवसांत कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या आसपास माइक उघडायची सोय नसते. हे कर्व्ह-मॅपिंगचं काम तेव्हासाठी ठेवा, हेडफोनवर होतं.

शेवटी आधी काढून ठेवलेली जुनी किकची वेव्ह फाइल आणि नवी किक एकाखाली एक लावा आणि झूम करा. नव्या लायब्ररीत फटक्याची सुरुवात काही मिलिसेकंद पुढं-मागं असू शकते. तेवढ्यानं बेस आणि किकची मिठी सुटते, आणि ऐकणाऱ्याला गाणं ढिलं का वाटतंय ते कळत नाही. फरक दिसला तर नोटा हलवू नका, अख्ख्या ट्रॅकला तेवढा ऑफसेट द्या आणि बेस लावून पुन्हा ऐका.