ट्युबिंगेनमधला रविवार आणि मसूर-श्पेट्झल

ट्युबिंगेनला शिकायला आल्यावर जेवणाची खरी अडचण व्हायची ती रविवारी. जर्मनीत त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद. विश्रांतीचा हा दिवस थेट संविधानानेच राखलाय. विद्यापीठाची खानावळही बंद. मग मी शनिवारीच मसूर आणि श्पेट्झल आणून ठेवायला लागले. श्पेट्झल म्हणजे अंडं घालून केलेल्या मऊ, जाड शेवया. मसुरासोबत त्या खाणं ही इथल्या श्वाबियन, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या श्वाबिया भागातल्या लोकांची जुनी आवड. बाहेर मात्र त्यावर सॉसेज असतं, मसुरातही बऱ्याचदा डुकराचं मांस, तेव्हा मांस न खाणाऱ्यांनी विचारूनच घ्यावं. घरी मी गाजर-कांदा घालून मसूर शिजवते, शेवटी थोडं व्हिनेगर. तो आंबटपणा हवाच! ब्रेड संपला असेल तर काही बेकऱ्या रविवारी सकाळी थोडे तास उघडतात.