टीमक्स शिकताना मी सुरुवातच उलटी केली

नवीन नोकरी, सर्व्हरवर एसएसएच करून (म्हणजे टर्मिनलमधून दूरच्या मशीनवर लॉगिन करून) डेटाबेसचा भलामोठा डंप इम्पोर्टला लावलेला, तीन तास होत आलेले, आणि मी लॅपटॉपचं झाकण लावून जेवायला गेलो. परत आलो तर कनेक्शन तुटलेलं, इम्पोर्ट मेलेला, अर्धी टेबलं भरलेली अर्धी रिकामी. कनेक्शन गेलं की त्या शेलमधल्या (शेल म्हणजे जिथे आपण कमांड टाइप करतो ते) प्रोग्रॅमना हँगअप सिग्नल जातो आणि बहुतेक प्रोग्रॅम तो मिळाला की गप मरतात, हे तेव्हा कळलं.

सिनियर म्हणाला टीमक्स वापर, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम. मी काय केलं, त्याच रात्री कुणाची तरी दोन-अडीचशे ओळींची कॉन्फिग (सेटिंगची फाइल) उचलून होम डिरेक्टरीत टाकली. खाली रंगीत पट्टी, घड्याळ, बॅटरी, एकदम झक्कास! पण त्या पठ्ठ्याने प्रिफिक्स (टीमक्सच्या शॉर्टकटआधी दाबायची की, मुळात कंट्रोल-बी) बदलून कंट्रोल-ए करून ठेवलेला आणि मी आपला कंट्रोल-बी बडवत बसलोय, डिटॅच (काम आत चालू ठेवून बाहेर पडणं) काही होईना. वैतागून फाइलच उडवली, तरी पट्टी तशीच! कारण टीमक्सचा सर्व्हर मागे चालूच असतो आणि कॉन्फिग तो सुरू होतानाच वाचतो. नवीन ओळ लिहिली तर सोर्स-फाइल कमांडने परत वाचायला लावता येते, पण काढून टाकलेली सेटिंग त्याने पुसली जात नाही, त्यासाठी किल-सर्व्हर. (त्याने सगळी सेशन्स जातात, हो. विचारू नका कसं कळलं.)

हा मागचा सर्व्हर डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं आहे. तुमचे शेल त्याच्याकडे असतात, तुमचं टर्मिनल म्हणजे नुसती खिडकी, खिडकी बंद झाली तरी आतलं काम चालू.

म्हणून पहिले काही दिवस कॉन्फिग नकोच. टीमक्स न्यू -एस काम, असं नाव देऊन सेशन सुरू करा, आत टॉप (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी कमांड) लावा, मग कंट्रोल आणि बी एकत्र दाबा, दोन्ही सोडा, आणि मग डी, की झालं डिटॅच. मी कंट्रोल तसाच धरून डी दाबायचो, काही व्हायचं नाही, मग चिडून परत कंट्रोल-डी, की शेलच बंद. टीमक्स एलएस केलं की सेशन दिसतं, टीमक्स अटॅच -टी काम केलं की टॉप जिथल्या तिथे चालू.

पेन (स्क्रीनचे वेगळे भाग) पाडायला प्रिफिक्स आणि टक्क्याचं चिन्ह, शेजारी-शेजारी होतात, दुहेरी अवतरण दाबलं की वर-खाली. प्रिफिक्स आणि झेड दाबलं की एकच पेन पूर्ण स्क्रीनभर, लॉग वाचताना मी हे सगळ्यात जास्त वापरतो. वर स्क्रोल करायला प्रिफिक्स आणि उघडणारा चौकटी कंस, बाहेर यायला नुसतं क्यू. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, टाइप केलेलं उमटत नाही म्हणून त्याला वाटतं सर्व्हर हँग झाला.

माझी आजची कॉन्फिग चार ओळींची आहे. माऊस ऑन, हिस्टरी-लिमिट (मागच्या किती ओळी लक्षात ठेवायच्या) २००० वरून ५००००, विंडोचे (टीमक्समधल्या टॅबसारख्या) नंबर ० ऐवजी १ पासून, आणि एस्केप-टाइम (एस्केप दाबल्यावर टीमक्स किती थांबतो ते) कमी, कारण जुन्या व्हर्जनमध्ये तो ५०० मिलिसेकंद असतो आणि विम एडिटरमध्ये एस्केप दाबला की अर्धा सेकंद ताटकळायला होतं. माऊस ऑन केल्यावर नेहमीसारखं सिलेक्ट करून कॉपी होत नाही, बऱ्याच टर्मिनलमध्ये शिफ्ट धरून सिलेक्ट केलं की होतं.

मशीन रीबूट झालं तर सेशन्स गेलीच, ते काही डिस्कवर साठवलेलं नसतं.

आणि टीमक्स त्या दूरच्या मशीनवर लावायचं बरं का, आधी एसएसएच, मग टीमक्स. मी एकदा लॅपटॉपवर टीमक्स लावून त्यातून एसएसएच केलं आणि निवांत झोपलो, सकाळी परत तेच रडगाणं. दोन्हीकडे लावलं असेल तर खाली दोन हिरव्या पट्ट्या दिसतात, तेव्हा आतल्या टीमक्सला सांगायचं असलं की कंट्रोल-बी दोनदा दाबायचं.