बेरजेतील ‘एन/ए’ त्रुटी: शून्य लिहिण्याआधी काय तपासावे

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीचा देखभाल शुल्काचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवते. एका शीटवर सदनिकांची यादी असते, दुसऱ्यावर बँकेच्या उताऱ्यातील जमा रकमा सदनिका क्रमांकासह असतात, आणि व्हीलुकअप हे शोधून आणणारे सूत्र प्रत्येक सदनिकेसमोर तिची रक्कम आणून ठेवते. एखादा क्रमांक उताऱ्यात सापडला नाही, की तिथे ‘एन/ए’ उमटते. बेरजेचे ‘सम’ हे सूत्र त्रुटी वगळत नसल्यामुळे मग खालच्या बेरजेच्या जागीही ‘एन/ए’च दिसते.

अशा वेळी बहुतेक जण सूत्राभोवती इफएरर (कोणत्याही त्रुटीऐवजी आपण सांगू ते दाखवणारे सूत्र) गुंडाळून शून्य दाखवतात. बेरीज येते, परंतु सूत्रातील चुकीचे नाव किंवा तुटलेला संदर्भही त्याच शून्याखाली झाकला जातो. शून्यच हवे असेल, तर एक्सेल २०१३ पासून उपलब्ध असलेले इफएनए वापरावे, कारण ते फक्त ‘न सापडल्याची’ त्रुटी हाताळते. तरीही पैसे न भरलेला सभासद आणि पैसे भरूनही जुळणी न झालेला सभासद यांच्यासमोर एकसारखेच शून्य दिसते, आणि दुसऱ्याला थकबाकीची नोटीस पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून मी रकान्यातील त्रुटी तशीच राहू देते आणि बेरजेसाठी एक्सेल २०१० पासून असलेले ॲग्रिगेट घेते: =ॲग्रिगेट(९,६,डी२:डी९७). यातील ९ म्हणजे बेरीज आणि ६ म्हणजे त्रुटी वगळणे. शेजारच्या सेलमध्ये काउंटइफला ‘#एन/ए’ हा निकष देऊन न जुळलेल्या सदनिका मोजाव्यात. किती नोंदी बाहेर राहिल्या हे सांगितल्याशिवाय ती बेरीज कोणासमोर ठेवू नये. वार्षिक सभेसाठी छापताना पेज सेटअपमधील शीट या टॅबवर त्रुटींच्या जागी कोरी जागा छापण्याचा पर्याय मिळतो, त्यामुळे त्यासाठी सूत्र बदलावे लागत नाही.

त्यानंतर एकेक त्रुटी उघडून पाहावी. एकदा ‘बी-७०४’ दोन्ही शीटवर अगदी सारखे दिसत होते, पण अक्षरे मोजणारे लेन लावल्यावर एकीकडे पाच आणि दुसरीकडे सहा अक्षरे निघाली. शेवटी एक मोकळी जागा होती. ती ट्रिम या सूत्राने जाते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरातील न तुटणारी जागा मात्र ट्रिमने जात नाही, तिच्यासाठी एका अक्षराच्या जागी दुसरे टाकणाऱ्या सब्स्टिट्यूटमध्ये कॅर(१६०), म्हणजे त्या जागेचा संकेतांक, द्यावे लागते. क्रमांक नुसते अंकी असतील, तर एका शीटवर ते मजकूर म्हणून साठवलेले आहेत का, हेही पाहावे. व्हीलुकअपचा चौथा घटक ‘फॉल्स’ (म्हणजे नेमकी जुळणीच हवी) आहे ना, याची खात्री करावी. तो गाळला, तर त्रुटी न येता भलत्याच सदनिकेची रक्कम येऊ शकते.

त्रुटी न देणारी आणखी एक चूक मला अधिक काळजीची वाटते. व्हीलुकअप पहिली जुळणारी नोंद आणून थांबते, त्यामुळे दोन हप्त्यांत पैसे भरणाऱ्याचा दुसरा हप्ता हिशेबात येतच नाही. अशा खात्यांसाठी सुरुवातीपासूनच समइफ वापरावे, कारण ते एका क्रमांकाच्या सगळ्या जमा एकत्र करते. जुळणी न झाल्यास ते गुपचूप शून्य देते. म्हणून यादीची एकूण बेरीज उताऱ्यातील जमेच्या बेरजेतून वजा करणारा एक सेल ठेवावा, आणि त्यात शून्य येईपर्यंत महिन्याचा हिशेब बंद करू नये.