जुनी रिव्हॉल्व्हरं जमवायची आहेत? सुरुवातीच्या या चुका टाळा

परदेशातले व्हिडिओ बघून या छंदाकडे वळलेली मुलं भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शंभर वर्षांपूर्वीचं आहे, मग लायसन्स कशाला?" सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक तिथल्या केंद्रीय कायद्याने अँटिक ठरते, म्हणून व्हिडिओतला माणूस ती बिनधास्त टेबलावर मांडून बसतो. आपला १९५९ चा शस्त्र कायदा नुसतं वय बघत नाही. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण लोक तेवढंच वाचून थांबतात. पुढची अट अशी की ते हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही वापरण्याजोगं नसावं. 'दुरुस्ती करून' या दोन शब्दांत सगळं आलं. घोडा तुटलाय, स्प्रिंग गेलीय, पण कारागीर ते चालू करू शकतो? मग सूट विसरा.

हा निर्णय विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर सोडू नका. पैसे देण्याआधी पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या. आपल्या ठाणे परिसरात इथेही घोळ होतो. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली ही ठाणे आयुक्तालयात येतात. ऐरोली, वाशी, नेरूळ जिल्ह्याने ठाण्यात असली तरी त्यांचं आयुक्तालय नवी मुंबई. घोडबंदरहून खारघरला राहायला गेलात तर लायसन्सवरचा पत्ता बदलायचं काम सामान लावण्याच्या आधीचं समजा.

दुसरी चूक वेबलीच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी बनावटीच्या रिव्हॉल्व्हरच्या, प्रेमात पडण्याची. प्रेमात पडावं असंच ते यंत्र आहे. खटका दाबून नळी खाली वाकवली की सहाच्या सहा काडतुसं एकदम वर उचलली जातात. १९१५ पासूनचं त्याचं मार्क सहा हे मॉडेल, सहा इंची नळी, चौकोनी मूठ, जुन्या युद्धाच्या फोटोत हमखास दिसणारं. पण त्याचा बोर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, .४५५, आणि .४५५ किंवा .३८० चं काडतूस घेऊ शकणारं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे प्रतिबंधित बोरमध्ये मोडतं. एनफिल्ड या दुसऱ्या इंग्रजी बनावटीचं .३८ त्यातच आलं. नेहमीच्या लायसन्सवर ही मिळत नाहीत. "आधी बुकिंग करून ठेवतो, लायसन्स होईलच" असं म्हणून बयाणा देणारे मी पाहिलेत. तो पैसा बुडाला असंच धरा.

आणि लायसन्स मिळालं तरी संख्या? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका, त्यातही वारशाने आलेली धरून. त्यामुळे इथे भिंतभर रिव्हॉल्व्हरं टांगण्याचं स्वप्न बघू नका. मला यात उणीव वाटत नाही. होल्स्टर, लॅनयार्ड (रिव्हॉल्व्हर अडकवायची दोरी), सफाईच्या सळया, जुन्या दुकानांचे कॅटलॉग, छापील जाहिराती, सैनिकांचे फोटो यांवर आयुष्य जाईल. फक्त सुटी नळी किंवा सिलिंडर 'नुसतं लोखंड' म्हणून घेऊ नका. कायद्यात सुटे भागही शस्त्रातच येतात. जिवंत काडतुसाचंही तेच, शोकेससाठी एकच घेतलं तरी.

गावच्या घरात ट्रंकेत काही सापडलं तर? पिशवीत घालून लोकलने ठाण्याला आणू नका. चाप ओढून 'चालतंय का' हेही बघू नका. काडतुसाऐवजी ठिणगीच्या टोपीवर (पर्कशन कॅप) चालणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये काळी दारू ठासलेली राहिलेली असू शकते, आणि ती वर्षानुवर्षं पेट घेण्याजोगी राहते. नळी कुणाच्याही दिशेला नसेल असं ते आहे तिथेच ठेवा, जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करा, ते सांगतील तसं करा.

आता काळजीबद्दल, कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलाय. आजोबांचं .३२ बोरचं रिव्हॉल्व्हर वडिलांच्या लायसन्सवर आलं आणि पुढे रीतसर माझ्या. ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या घरी ते त्याच्याच चामडी म्यानात ठेवलं, कुलपात. जूनमध्ये आत गेलं, ते गणपती झाल्यावर बाहेर काढलं. नळीच्या उजव्या बाजूला तपकिरी ठिपक्यांची एक रेघ उमटली होती, अगदी म्यानाच्या शिवणीबरहुकूम, टाक्यामागे ठिपका. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि त्यात मुरलेला ओलावा यांनी पोलाद खाल्लं. तेलाने गंज निघाला, खड्डे राहिले. खाडीकाठच्या हवेत म्यान वेगळं, हत्यार वेगळं, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल, हे पक्कं करा. हाताळल्यावर बोटांचा घाम पुसायचा, वर तेलाचा अगदी पातळ हात. लाकडी मुठीला तेल लावू नका, लाकूड पोचट होतं.

गंज दिसला की पॉलिश पेपर घेऊन बसणं ही त्याहून मोठी चूक. जुन्या ब्लूइंगचा (पोलादावर चढवलेल्या निळ्या-काळ्या लेपाचा) रंग एकदा गेला की परत येत नाही, नगाची किंमत तिथेच पडते. घासून चकाकी आणताना बंदुकीवर कोरलेला नंबर पुसट झाला तर प्रकरण कायद्यात जातं: ज्याच्या ताब्यातल्या बंदुकीवरचा नंबर खोडलेला सापडतो, त्यानेच तो खोडला असं कलम ८ गृहीत धरतं, आणि उलटं सिद्ध करायचं काम त्याच्यावर येतं. म्हणून आल्या दिवशी नंबर, शिक्के, स्क्रू यांचे जवळून फोटो काढा, तारीख टाका, लायसन्सच्या झेरॉक्ससोबत ठेवा. नीट न बसणारा पेचकस स्क्रूच्या खाचेत घालून फिरवू नका. खाच चुरगळली की जाणकार ते पहिल्या नजरेत ओळखतो.

शेवटची गोष्ट, नकली मालाची. पाकिस्तानच्या वायव्य सरहद्दीवरच्या दऱ्याखोऱ्यांत, हातोडी-कानशीवर इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला बनत आल्या आहेत, त्यातल्या काही आजही 'वेबली' म्हणून दाखवल्या जातात. अस्सल नगावर अक्षरं सरळ रेषेत, सारख्या खोलीची. १९०४ नंतरच्या बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के मुकुटाखाली बीपी, बीव्ही, एनपी असे येतात. नकलेत अक्षरं वरखाली नाचतात, स्पेलिंग चुकतं, कधी इंग्रजी एन उलटा ठोकलेला असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं आहेत. काचेआडून का होईना, ठसे आणि घडण डोळ्यांखालून घाला. दहापंधरा अस्सल वस्तू नीट पाहिल्या की उलटा एन आपोआप खुपायला लागतो.