नोकरी गरजेची की हौसेची? आधी वही उघडा, मग उत्तर द्या

मूल झालं की पाच-सहा महिन्यांत हा प्रश्न येतोच, आणि तो कायम आईलाच येतो. मला तो ऐन गणेश चवथीत आला. आमच्या फोंड्याच्या घरी नेवऱ्या (करंज्या) करायला बसलो होतो, हात पिठात, बाळ मांडीवर झोपलेलं, आणि एका काकींनी सगळ्यांसमोर विचारलं, "आता परत नोकरीला जायची खरंच गरज आहे गो? की आपली हौस?" मी घाईत म्हटलं, पैसे लागतात म्हणून. समोर नवरा बसला होता, त्याने मान खाली घातली. ते उत्तर त्याला लागलं आणि खरं सांगायचं तर ते अर्धंच खरं होतं. म्हणून हे लिहितेय, तुमच्यावर अशी वेळ यायच्या आधी घरी बसून हिशेब कसा करायचा ते.

पहिलं म्हणजे नवरा-बायको दोघांनी बसायचं, एकटीने नाही. मागच्या तीन-चार महिन्यांचा खरा खर्च लिहून काढा, घराचा हप्ता, गॅस, लाईट, पोदेर (पाववाला), डॉक्टर, सगळं. एकाच महिन्यावर जाऊ नका. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा नुस्त्याचे भाव कुठच्या कुठे जातात, चवथीच्या महिन्यात तर हिशेबच वेगळा, म्हणून सरासरी काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथेच बहुतेक घरं चुकतात. बाळाला सांभाळायचा खर्च आईच्या पगारातून वजा करतात! आम्हीही तेच केलं. माझा हातात येणारा पगार २४ हजार, बाळाला सांभाळणाऱ्या बाईंचे ७ हजार, वेर्ण्याला जायच्या-यायच्या बसचे २२००, बाहेरचं खाणं आणि कपडे १८००, उरले १३ हजार. मग सगळे म्हणणारच, एवढ्या १३ हजारांसाठी लेकराला कशाला टाकून जातेस. पण बाळ दोघांचं आहे ना? नवऱ्याचे ३८ आणि माझे २४ असे ६२ हजार घरात येतात, त्यातून ७ हजार बाळासाठी गेले, म्हणजे साधारण ११ टक्के. आकडे तेच, पण असं लिहिल्यावर बोलणं एकदम बदललं, नवरा स्वतःच म्हणाला की बाईंचे पैसे माझ्या खात्यातून जाऊदेत. तुम्ही दुसरं काही नाही केलं तरी चालेल पण ही एक ओळ तेवढी नीट लिहा.

मग पगाराच्या स्लिपवर जे पटकन दिसत नाही ते धरा. बेसिक १५ हजार असेल तर पीएफमध्ये कंपनीचे १२ टक्के, म्हणजे महिन्याला १८००, वर्षाला २१,६०० रुपये. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, कामाच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, पण साधारणपणे ५ वर्षं सलग झाली तरच मिळते, आणि पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात. माझ्या एका मैत्रिणीने ४ वर्षं २ महिन्यांवर राजीनामा दिला, कोणी तिला हे सांगितलंच नव्हतं, अजून हळहळते. सोडायचंच असेल तर तारीख बघून सोडा.

बाळंतपणाच्या रजेचं पण नीट माहीत करून घ्या. या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, आणि आधीच्या बारा महिन्यांत तिथे ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. मी आधी होते त्या कंपनीत तोंडी सांगायचे, बघू पुढच्या वर्षी. तोंडी विचारूच नका, ईमेल करा, म्हणजे उत्तरही लेखी येतं.

हिशेबाअंती घरीच राहायचं ठरलं तर तेही चांगलंच आहे, त्यात कमीपणा काहीच नाही, पण आपल्या गोव्यातला कायदा समजून घेऊन राहा. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा असतो. आयकराच्या १९६१ च्या कायद्यात तर त्यासाठी कलम ५ए होतं, दुकानाचा नफा, घरभाडं, व्याज हे दोघांत निम्मं-निम्मं धरायचं, फक्त पगार ज्याचा त्याच्या नावावर. म्हणजे नवऱ्याचं दुकान असेल आणि कोणी म्हणालं की तू काय कमावतेस, तर रिटर्नचा कागद दाखवा. आणि गृह आधारचे, म्हणजे गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे, महिन्याला १५०० येत असतील तर नोकरी धरताना त्याची उत्पन्नाची अट आधी तपासा.

आता गरज की हौस याबद्दल. माझं माहेर डिचोली तालुक्यातलं. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा दादाचा ट्रक आंब्याखाली उभा राहिला तो राहिलाच, टायरांतून गवत वर आलं, बँकेचे हप्ते मात्र चालूच. वहिनी तोपर्यंत बाजाराशिवाय कुठे एकटी गेली नव्हती, ती एका कंपनीत पॅकिंगला लागली, पहाटे चारला उठून भात-आमटी करून सहाची बस धरायची. तेव्हा सगळा गाव म्हणायचा बिचारी, काय करणार. काही वर्षांनी कर्ज फिटलं, ती आता लाईनची सुपरवायझर आहे, आणि तोच गाव म्हणतो, आता कशाला जाते, हौस आहे नुसती! तिला मी विचारलं तर म्हणाली, "कर्ज फिटलं म्हणून मी काय शिकलेलं विसरू?" माणूस तेच, काम तेच, बस तीच. म्हणून वहीत गरज आणि हौस असे दोन रकाने करूच नका. घरखर्चाला किती लागतं ते एका पानावर लिहा, आणि मला हे काम का करावंसं वाटतं ते दुसऱ्या पानावर, दोन्ही खरं लिहा, आणि नवऱ्यालाही दुसरं पान लिहायला लावा. त्याला कोणी कधी विचारलेलंच नसतं.

सासूबाई बाळाला बघणार असतील तर त्यांना गृहीत धरू नका. किती तास, दुपारची झोप कधी, देवळात जायचा दिवस कुठला, हे त्यांना विचारा, पैसे द्यायचे तर मानाने द्या. आमच्याकडे सोमवारी त्यांना मंगेशीला जायचं असतं, त्या दिवशी बाई संध्याकाळपर्यंत थांबतात.

शेवटचं, बाळाला ताप आला तर सुट्टी कोण काढणार हे ताप यायच्या आधी ठरवा. आम्ही कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहून ठेवलंय, एक आठवडा त्याचा, एक माझा. पहिला ताप त्याच्या आठवड्यात आला. मी बसमध्ये असताना त्याचा फोन, थर्मामीटर कुठे ठेवलाय, मग अर्ध्या तासाने परत, औषध किती एमएल द्यायचं. तिसरा फोन मात्र आलाच नाही, संध्याकाळी घरी पोचले तर बाळ त्याच्या छातीवर झोपलं होतं आणि कॅलेंडरवर वेळेसकट तापाचे आकडे लिहिलेले होते, १०१, १००, ९९.