पॅरामेडिकचा परवाना: प्रवेश घेण्याआधी आणि मिळाल्यानंतर

मराठीत ‘पॅरामेडिकल’ हा शब्द इतका सैल वापरला जातो की एक्स-रे काढणारा, रक्त तपासणारा आणि रुग्णवाहिकेतून धावणारा हे सगळे त्याच एका नावाखाली येतात. यांतला पॅरामेडिक म्हणजे रुग्णालयाबाहेर, डॉक्टर शेजारी नसताना, तातडीचे उपचार करणारा प्रशिक्षित माणूस. म्हणून अभ्यासक्रमाची जाहिरात हाती आली की शुल्क आणि कालावधी विचारण्याआधी हे विचारावे: अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर नोंदणी कोण करते आणि त्या नोंदणीने नेमके काय करण्याची मुभा मिळते?

प्रमाणपत्र आणि परवाना यांत गल्लत होऊ देऊ नये. अमेरिकेत १९७० साली स्थापन झालेली नॅशनल रजिस्ट्री ही संस्था रुग्णवाहिका सेवेतल्या कर्मचाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते; काम करण्याचा परवाना मात्र ज्या त्या राज्याकडूनच घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ हे कायद्याने राखीव पदनाम असून एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव नसताना ते लावणे गुन्हा ठरतो. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय नोंदणी २०१८ च्या डिसेंबरपासून सुरू झाली. भारतात २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत या व्यवसायाचे नाव स्पष्टपणे आले आहे. संस्थेच्या भिंतीवर टांगलेल्या मान्यतापत्रावर विसंबण्यापेक्षा नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या यादीत त्या संस्थेचे नाव स्वतः शोधावे, हे बरे.

परवाना म्हणजे खरे तर कार्यकक्षा, म्हणजे कोणते उपचार करायचे आणि कोणते नाहीत याची मर्यादा. मधुमेहाचा एक रुग्ण घामाने डबडबलेला आहे, असंबद्ध बोलतो आहे आणि ग्लुकोमीटरवर साखरेचा आकडा ३८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे धोकादायक इतका कमी, आला आहे, असे समजा. प्राथमिक स्तरावरचा ईएमटी (रुग्णवाहिकेतला तातडीच्या सेवेचा तंत्रज्ञ), रुग्णाला गिळता येत असेल तरच, तोंडावाटे ग्लुकोज देऊ शकतो. पॅरामेडिक शिरेत सुई घालून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचे द्रावण, देऊ शकतो. निदान दोघांनाही कळते, पण हात कुठे थांबवायचा हे परवाना ठरवतो. कार्यकक्षेबाहेरचे काम रुग्णाच्या भल्यासाठी केले, हा बचाव चौकशीत सहसा टिकत नाही. त्यामुळे आपल्या सेवेचे प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचे लेखी नियम, पाठ असावेत, आणि कोणत्या टप्प्यावर वैद्यकीय अधिकाऱ्याला फोन लावायचा, हे तर झोपेतून उठवले तरी सांगता यावे.

शिक्षणाचे तास कमी लेखू नयेत. पूर्ण पॅरामेडिक अभ्यासक्रम अनेक ठिकाणी हजार तासांच्या पुढे जातो, तर ब्रिटनमध्ये आता पदवीची अपेक्षा असते. बारा लीडचा ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) वाचणे, श्वासमार्ग सुरक्षित करणे आणि औषधांच्या मात्रा काढणे यांचा सराव पुस्तकापेक्षा हातानेच होतो. मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल छातीदाब (हृदय थांबलेल्या रुग्णाची छाती दाबणे) दोन मिनिटे देऊन पाहिल्यावर या कामाला माणसे आलटूनपालटून का लावतात, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पाळी सुरू होताच गाडी तपासावी. ऑक्सिजन सिलिंडरचा दाब, घशातला स्राव ओढून काढणारे सक्शन चालते का, घसा पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, अ‍ॅड्रेनलिनच्या अँप्युलवरची मुदत आणि मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांची सहीनिशी मोजणी, हे सगळे त्यात येते. मागच्या पाळीने तपासले असेल, असे गृहीत धरणे हा या व्यवसायातला सर्वांत सोयीचा आणि सर्वांत महागात पडणारा आळस आहे.

नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ती नोंद. रुग्णालयात रुग्ण सोपवताना वय, घटनेची वेळ, इजा कशी झाली, काय आढळले, नाडी-रक्तदाबाचे आकडे आणि दिलेले उपचार, याच क्रमाने अर्ध्या मिनिटात सांगावे. रुग्ण रुग्णालयात यायला नकार देतो तेव्हा तर लेखणी अधिक जपून चालवावी. तो शुद्धीवर व निर्णय घेण्याच्या स्थितीत होता का, कोणते धोके कोणत्या शब्दांत सांगितले, त्याच्याजवळ मागे कोण थांबले आणि त्रास वाढल्यास काय करायला सांगितले, हे सर्व वेळेसह लिहावे. ‘रुग्णाने नकार दिला’ एवढ्या एका ओळीवर सही घेऊन निघून आलेल्याला पुढे स्वतःच्या बाजूने दाखवण्यासारखे काहीच उरत नाही.

नूतनीकरणाची तयारी पहिल्या महिन्यापासूनच करावी. नॅशनल रजिस्ट्रीच्या पॅरामेडिकला दर दोन वर्षांनी ६० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. एचसीपीसीचे नूतनीकरणही दोन वर्षांनीच असते आणि काही सदस्यांची निवड करून त्यांच्याकडून शिक्षणाचा तपशील मागवला जातो. प्रत्येक कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्याच दिवशी स्कॅन करून ठेवावे. परवाना एका देशातून दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, त्यामुळे बाहेर जाण्याचा विचार असणाऱ्याने अभ्यासक्रमाचा तपशीलवार आराखडा आणि रुग्णालय व रुग्णवाहिकेतील प्रशिक्षणाच्या तासांची शिक्क्यासह नोंदवही संस्था सोडण्याआधीच मागून घ्यावी.