पित्ताशयाचा कॅन्सर आणि रक्ततपासणी : या चुका टाळा

'रक्तातल्या चरबीवरून पित्ताशयाचा कॅन्सर ओळखता येणार' अशी बातमी वाचून जळगाव-धुळ्याच्या लॅबमध्ये लिपिड प्रोफाइल करायला निघाला असाल, तर थांबा. त्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड एवढंच येतं. संशोधक मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंच्या वजनावरून घटक ओळखणाऱ्या यंत्रावर) शेकडो बारीक घटक मोजतात: पित्तातली आम्लं म्हणजे पित्ताम्लं, अमिनो आम्लं, फॉस्फोलिपिड नावाची चरबी. कॅन्सरच्या पेशी इंधन वेगळ्या तऱ्हेने वापरतात, त्याच्या खुणा रक्तात सापडतात का, हा शोध आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण हा आजार बहुतेकदा उशिरा कळतो. पण पित्तनळीत साधा खडा अडकला तरी पित्ताम्लं रक्तात वाढतात. रात्रीचं जेवण, मधुमेह, चालू औषधं यांनीही आकडे हलतात. म्हणून ही तपासणी अजून रोजच्या उपचारात आलेली नाही.

सीए १९-९ (काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारा एक घटक) वाढलं म्हणून रडारड नको. कावीळ असताना ते कॅन्सरशिवायही वाढतं. नॉर्मल आलं म्हणून निर्धास्तही राहू नका.

पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. मात्र उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल, तर शेवभाजी बाधली म्हणत महिनोन्‌महिने ॲसिडिटीची गोळी घेणं चूक. हा कॅन्सर बायकांमध्ये जास्त आढळतो, आणि घरात दुखणं अंगावर काढतात त्याही बायकाच. आईला, वहिनीला सोनोग्राफीला न्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून त्यासाठी दिवस मोडतो, हे खरं, तरी न्या. कावीळ झाली, वजन उतरलं, तर झाडपाल्यात आठवडे घालवू नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक खड्यांसाठी पित्ताशय काढायच्या ऑपरेशननंतर होते. खडे बरणीत घालून घरी आणले जातात, पाहुण्यांना दाखवले जातात, आणि काढलेली पित्ताची पिशवी तपासायला गेली की नाही हे कुणी विचारतच नाही. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात कधीकधी अनपेक्षित कॅन्सर निघतो. तो अगदी आतल्या थरापुरता असेल तर झालेलं ऑपरेशन बहुधा पुरतं. स्नायूच्या थरात किंवा त्यापुढे गेला असेल तर यकृताचा थोडा भाग आणि जवळच्या लसिका गाठी काढायला पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या या तपासणीला हिस्टोपॅथॉलॉजी म्हणतात. तेव्हा डिस्चार्ज घेतानाच विचारा, 'डॉक्टर, पिशवी हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवली का? रिपोर्ट कधी मिळेल?' टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि सर्जनकडून समजून घ्या.